रमण्यापासून विद्यापीठापर्यंत: जुनं पुणं तीन दिवसांत कसं पाहावं

शनिवारवाडा पाहून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडी बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, "आत तर काहीच नाही." माझी नागपूरची मावशीही दिल्ली दरवाजातून बाहेर आल्यावर हेच म्हणाली. मला ते लागलं, कारण चूक वाड्याची नव्हती. मी तिला नेलं होतं, पण काय पाहायचं ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी पाहुण्यांना शहर एका ठरावीक क्रमाने दाखवतो. तोच क्रम इथे सविस्तर देतो आहे.

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात. हे घर एकाच जागी राहिलं नाही. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यातून, म्हणजे पेशवे पंडितांना दक्षिणा वाटत त्या आवारातून, ते विश्रामबागवाड्यात आलं, तिथून येरवड्याला गेलं, फर्ग्युसनच्या माळावर गेलं आणि शेवटी गणेशखिंडीत पोहोचलं. त्याच्या मागोमाग चाललं की वाडे, कॉलेजं आणि संग्रहालयं एकमेकांशी बोलू लागतात.

निघण्याआधी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात दगडी पायऱ्या निसरड्या होतात, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी चालवत नाही. गणेशोत्सवाचे दहा दिवस उत्सवासाठी जरूर या, पण वास्तू पाहायला नको. पेठांतले रस्ते बंद असतात आणि वाड्यांचे दर्शनी भाग मांडवांमागे जातात.

वार नीट निवडा. शनिवारी संध्याकाळी पर्वती, रविवारी पेठा, सोमवार-मंगळवारी संस्था, ही माझी मांडणी. रविवारी सकाळी पेठांत गर्दी कमी असते. भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज आणि विद्यापीठ मात्र कामाच्या दिवशीच पाहावीत. संस्थांना आठवडाभर आधी फोन किंवा ईमेल करा. कोण येणार, किती जण आणि काय पाहायचं आहे, एवढं कळवलं तरी पुरतं. एकदा मी न विचारता पाहुण्यांना घेऊन एका संस्थेच्या दारात गेलो. ती सुट्टी होती आणि उन्हातून तसंच परतावं लागलं. ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा, कॉलेजांच्या फाटकावर ते विचारतात. दिवसभरात देवळं येतील, म्हणून चपला सहज काढता-घालता येतील अशाच घाला.

पेठांत गाडी नेऊ नका. मेट्रो आता थेट कसबा पेठ आणि मंडई स्थानकांपर्यंत येते.

पहिली संध्याकाळ: पर्वती

ऊन उतरल्यावर पर्वती चढा. शंभराहून थोड्याच अधिक पायऱ्या आहेत, पण रुंद आणि उतरत्या, त्यामुळे आजीही थांबत थांबत चढते. वरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास बांधलं. पानिपतानंतर, जून १७६१ मध्ये, त्यांचा मृत्यूही इथेच झाला. वर पेशवेकालीन वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. ते पाहा, पण अंधार पडायच्या आत तटावर उभे राहा.

खाली उत्तरेला पेठा पसरलेल्या दिसतात. सारसबागेच्या जागी तेव्हा तळं होतं. पायथ्याशी रमणा होता. श्रावणात हिंदुस्थानभरातून शास्त्री-पंडित इथे यायचे आणि पेशवे त्यांना दक्षिणा वाटायचे. ही प्रथा तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली होती, पुढे ती पेशव्यांनी चालवली. दक्षिणा हा शब्द पक्का लक्षात ठेवा, पुढचे तीन दिवस तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

दक्षिणेला कात्रज आहे. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी दगड-विटांच्या बंदिस्त नळातून शहरात आणलं. नळ जमिनीखालून जायचा आणि पाणी केवळ उतारावर वाहायचं. मध्ये मध्ये हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधले होते. शहरात ते पाणी हौदांत यायचं. नाना हौद, काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं पुणेकरांच्या बोलण्यात अजून आहेत.

पहिला दिवस: पेठा, पूर्ण पायी

सकाळी सात-साडेसातला कसबा पेठ मेट्रोला उतरा. फडके हौद चौक जवळच आहे. काल पर्वतीवरून ज्या पाण्याबद्दल बोललो ते इथे येत असे. तिथून कसबा गणपतीला जा. हे पुण्याचं ग्रामदैवत, जिजाबाईंच्या काळापासूनचं. कसबा ही मूळ वस्ती. तिच्याभोवती पेठा वसल्या, काहींना वारांची नावं मिळाली, काहींना माणसांची. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणरावांच्या.

लाल महाल दहा मिनिटांत पाहून होतो. शहाजीराजांचा मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला. आजची इमारत महापालिकेने विसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली आहे, हे मुलांना आधीच सांगा. जागा महत्त्वाची आहे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो इथेच.

आता शनिवारवाडा. तिकीट काढून लगेच आत धावू नका. पटांगणातच पाच मिनिटं थांबा आणि तटाकडे नीट पाहा. खाली काळा दगड आहे, वर वीट. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, थोरल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया घातला आणि जानेवारी १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. तटाला पाच दरवाजे आहेत. उत्तरेकडचा मुख्य तो दिल्ली दरवाजा. दारावरचे लांब अणकुचीदार खिळे हत्तीची धडक अडवण्यासाठी आहेत. दारातच एक लहान दिंडी आहे. पूर्ण दार न उघडता माणूस वाकून आत यावा, अशी तिची उंची ठेवली आहे.

आत गेल्यावर मावशीला काही दिसलं नाही, कारण ती भिंती शोधत होती. इथे जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, पाहायची. पुण्यातला वाडा म्हणजे दगडी जोतं आणि त्यावर सागवानी सांगाडा, मधल्या जागेत वीट आणि माती. १८२८ च्या आगीत वरचं सगळं लाकूड जळालं आणि दगड तेवढा राहिला. त्या जोत्यांवरून चाला. मोकळी चौकोनी जागा दिसेल तो चौक. त्याच्या चारी बाजूंची अरुंद जोती म्हणजे सोपे, त्यामागे खोल्या. जोत्यांवर ठरावीक अंतरावर बसवलेले दगड दिसतात, त्यांवर खांब उभे असत. एकदा हे वाचता आलं की रिकामं मैदान नकाशासारखं उलगडतं.

हजारी कारंज्याजवळ सगळ्यात जास्त वेळ द्या. सोळा पाकळ्यांचं कमळ, आणि त्यातून पंप नसताना उसळणारं पाणी. ते कात्रजचंच पाणी, उंचावरून आलेलं, म्हणून उसळणारं. काल संध्याकाळी पर्वतीवरून दाखवलेला डोंगर इथे मुलांना पुन्हा आठवून द्या. शेवटी नगारखान्यावर चढा. तिथलं लाकूडकाम उरलेलं आहे आणि वरून सगळ्या वाड्याचा आराखडा एका नजरेत येतो. नारायणरावांच्या खुनाची (३० ऑगस्ट १७७३) गोष्ट तुम्हाला कोणीही सांगेल. भुताच्या गोष्टीही ऐकवतील. मी तिथे थांबत नाही, कारण कारंज्याची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

बाहेर आलात की चहा घ्या. अमृततुल्य पावला-पावलावर आहे.

शिवाजी रोडने दक्षिणेला चाला. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा इथे सुरू केली. जीर्ण झालेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. गणपतीच्या दर्शनाला रांगेत उभे असलेल्या हजारो लोकांच्या पाठीमागे ही जागा आहे. मी प्रत्येक पाहुण्याला इथे वळून उभं करतो.

पुढे बेलबाग, नाना फडणवीसांचं विष्णुमंदिर. मग तुळशीबागेत शिरा. बांगड्या-भांड्यांच्या दुकानांमधून आत गेलं की रामाचं देऊळ येतं, नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये सुरू केलेलं. त्याचं उंच शिखर मात्र एकोणिसाव्या शतकातलं.

तुळशीबागेतून बाजीराव रोडला निघालात की समोर विश्रामबागवाडा. माझ्या मते जुन्या पुण्यातली सगळ्यात महत्त्वाची इमारत ही आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास राहण्यासाठी हा वाडा बांधला. आधी पलीकडच्या पदपथावर उभे राहा. पहिल्या मजल्याचा लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब, त्यांच्यामधल्या महिरपी आणि केळफुलाच्या आकाराचे लोंबते नक्षीचे गुच्छ. शनिवारवाड्याच्या जोत्यांवर असंच काही उभं होतं, आता ते डोळ्यांसमोर आणा. दुरुस्तीची कामं निघत असतात, त्यामुळे आतला कोणता भाग खुला आहे ते दारातच विचारा.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांपुढे दक्षिणेचा प्रश्न आला. ती एकाएकी बंद केली तर विद्वान दुखावतील. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्या पैशातला एक भाग वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. रमण्यात वर्षातून एकदा वाटला जाणारा पैसा बारमाही शाळेला लागला. तीस वर्षांनी, १८५१ मध्ये, पाठशाळेचं पूना कॉलेज झालं. आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये याच वाड्यात पूना कॉलेजचे प्रमुख मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांना शालजोडी देऊन त्यांचा गौरव झाला. ज्या दक्षिणेत त्यांच्या विद्यार्थ्यांना कधीच वाटा नव्हता, त्या दक्षिणा फंडातून त्यांच्या शाळांना मदत मिळू लागली. भिडेवाडा आणि विश्रामबाग यांच्यात जेमतेम दहा मिनिटांचं अंतर आहे. ते पायी चालून पाहिल्याशिवाय ही गोष्ट अंगात उतरत नाही.

मे १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. त्याच वेळी बुधवारवाडाही गेला. पुण्यात लाकडी वाडे कमी का उरले, याचं उत्तर आग, मग १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, आणि त्यानंतर इमारतींसाठी पाडापाडी. नदीकाठच्या शनिवार-नारायण पेठांत जुनं घर क्वचित दिसतं ते त्यामुळेच.

जेवणाआधी मंडईत जा. १८८६ ची ही दगडी इमारत अष्टकोनी मनोऱ्याभोवती पसरलेली आहे. मनोऱ्याखाली मध्यभागी उभं राहून वर पाहा. तिला आधी गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं, आता महात्मा फुल्यांचं आहे. जेवण पेठेतल्याच एखाद्या खानावळीत घ्या.

दुपार: केळकर संग्रहालय

राजा दिनकर केळकर संग्रहालय मुद्दाम दुपारसाठी राखून ठेवलं आहे. सकाळी रिकामा वाडा पाहिला. त्या वाड्यात माणसं काय वापरत होती, ते इथे आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) चष्म्याच्या धंद्यातले होते आणि 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला त्याचं नाव दिलं आहे. गावोगाव फिरून त्यांनी वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या आणि पुढे त्या सरकारच्या स्वाधीन केल्या. त्यांतल्या थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात.

सगळं पाहायचा हट्ट धरू नका, दमाल. मी चार गोष्टींवर थांबतो. पहिल्या म्हणजे कोरीव दारं. सकाळी दिंडी पाहिलीत, आता गणेशपट्टी, म्हणजे दारावरची गणपती कोरलेली पट्टी, आणि चौकटीवरचं काम हातभर अंतरावरून पाहा. दुसरे दिवे. तिसरे अडकित्ते, ज्यांत कारागिराने सुपारी कातरण्याच्या साध्या कामासाठी माणसं, मोर, घोडे घडवले आहेत. मला तिथून हलवत नाही. पाय घासायच्या वज्रीवरसुद्धा पक्षी बसवलेले आहेत. चौथा मस्तानी महाल, कोथरूडहून उतरवून इथे पुन्हा उभारलेला. सकाळच्या जोत्यांवर छत चढतं ते इथे. दोन तास कमीत कमी द्या. फोटो काढण्याचे नियम तिकीट घेतानाच विचारून घ्या.

दुसरा दिवस: गंज पेठेपासून गणेशखिंडीपर्यंत

सकाळी रिक्षाने गंज पेठेतला फुलेवाडा गाठा. छोटं, बसकं घर आहे, मधे अंगण आणि तुळशीवृंदावन. अंगणात बसा. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. परवा पर्वतीवरून पाहिलेलं पाणी शहरभर हौदांत पोहोचलं होतं, पण प्रत्येकाला ते भरता येत नव्हतं. विद्येचंही तसंच होतं. काल ऐकलेल्या सगळ्या गोष्टी या अंगणात एकत्र येतात.

तिथून सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. काम १७५४ मध्ये सुरू झालं, १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. बोळात दडलेलं काळ्या दगडाचं हे देऊळ पेठेतल्या इतर देवळांसारखं अजिबात नाही. दर्शनी भिंतीवर साखळीने बांधलेला गेंडा आणि त्याच्याजवळ गोरे शिपाई कोरलेले आहेत. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. सकाळचं ऊन भिंतीवर तिरकं पडतं तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं, म्हणून हे दुपारवर टाकू नका.

नदी ओलांडून जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. आठव्या शतकातली, एका अखंड कातळात वरून खाली कोरत नेलेली लेणी. पुढचा गोल नंदीमंडप पाहा. ज्या काळ्या दगडावर शनिवारवाडा उभा आहे, त्याच जातीच्या दगडात इथे खाली उतरून देऊळ काढलं आहे. भर दुपारीही गारवा असतो, पंधरा मिनिटं टेकायला उत्तम.

फर्ग्युसन कॉलेज पायी गाठता येतं. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या टिळक-आगरकरांच्या पिढीने १८८५ मध्ये हे कॉलेज सुरू केलं, पहिल्यांदा पेठेतल्या वाड्यातच. सरकारी दक्षिणेवर न चालणारी विद्या, असा हा टप्पा. फाटकावर परवानगी घेऊन मुख्य इमारत बाहेरून पाहा. तासांच्या वेळी वर्गांकडे जाऊ नका.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. स्थापना ६ जुलै १९१७. इथे काचेच्या कपाटांतली शोभा शोधू नका. हे कामाचं ठिकाण आहे. डेक्कन कॉलेजातला हस्तलिखितांचा सरकारी संग्रह १९१८ मध्ये इथे आला, आणि १९१९ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं एकमेकांशी ताडून, श्लोकागणिक पाठभेद नोंदवत ते १९६६ मध्ये पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. काम सुरू करणारे बरेच जण ते पूर्ण झालेलं पाहायला उरले नव्हते. इथल्या ऋग्वेदाच्या हस्तलिखितांची नोंद युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात केली. आधी कळवून आलात तर संस्थेतली माणसं आस्थेने माहिती देतात.

चारच्या सुमाराला विद्यापीठ. गणेशखिंडीतली मुख्य इमारत मूळची मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम. १८६४ मध्ये काम सुरू झालं, १८७१ मध्ये पुरं झालं. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. उंच मनोरा, कमानींचे लांब व्हरांडे, समोर हिरवळ. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या मेजवानीहून परतणाऱ्या रँड या प्लेग अधिकाऱ्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, ती याच इमारतीतून निघालेल्या रस्त्यावर. स्वातंत्र्यानंतर या राजेशाही घरात विद्यापीठ आलं. १९४९ मध्ये ते सुरू झालं, पहिले कुलगुरू मु. रा. जयकर. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. सकाळी गंज पेठेतल्या त्या लहान अंगणात बसून आलेल्या माणसाला फाटकावरची ती पाटी वेगळी वाचता येते. क्रम असा लावण्याचं कारण तेच आहे.

तिसरा दिवस: येरवडा

सकाळी डेक्कन कॉलेज. विश्रामबागवाड्यातली पाठशाळा, म्हणजे पुढचं पूना कॉलेज, इथे आली. १८६४ मध्ये पायाभरणी, १८६८ मध्ये इमारत तयार. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा, मोठी देणगी जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्याची. त्याच वर्षांत सुरू झालेलं गणेशखिंडीतलं काम काल पाहिलंत. मुंबईत तेव्हा कापसाच्या व्यापाराचा पैसा वाहत होता आणि गव्हर्नर होते बार्टल फ्रिअर. लष्कर भागातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, पुणेकरांचं लाल देऊळ, हेही याच दशकातलं, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं. ते आत जाऊन पाहायचं तर पूर्वपरवानगी लागते. नसेल तर रस्त्यावरून मनोरा पाहून घ्या.

डेक्कन कॉलेजात टिळक शिकले, आणि काल पाहिलेल्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या रा. गो. भांडारकरांनी शिकवलं. १९३४ मध्ये कॉलेज बंद पडलं आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. इथलं पुरातत्त्व संग्रहालय बहुतेक पुणेकरांनीही पाहिलेलं नसतं, म्हणून आग्रहाने सांगतो, चुकवू नका. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला संस्थेने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं ते गाव. मूल दगावलं तर ते तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरत. एवढ्या जवळ का ठेवत असतील, हे आईबापांना समजावून सांगावं लागत नाही. मराठ्यांच्या इतिहासाचं वेगळं संग्रहालयही आवारात आहे.

दुपारनंतर आगाखान पॅलेस, कल्याणीनगर मेट्रोपासून जवळ. १८९२ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तिसऱ्या आगाखानांनी तो बांधवला. ९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी इथे कैदेत होते. कैदेच्या सातव्या दिवशी, १५ ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. कमानींचे व्हरांडे आणि खोल्या पाहून झाल्या की बागेच्या मागच्या बाजूला या. तिथे दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. ऊन कलतं तेव्हा इथे फारसं कोणी नसतं. चपला काढून थोडा वेळ बसा, परतीची मेट्रो रात्रीपर्यंत असते.